हिवाळ्यात चिकट राहणारं कोटिंग

जानेवारीत पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये इपॉक्सी-सिलोक्सेन कोटिंग (इपॉक्सी आणि सिलिकॉन-ऑक्सिजन अशा दोन जाळ्यांचा रंगासारखा थर) लावलेल्या पॅनेलला तीन दिवसांनीही बोट चिकटत होतं. हाच फॉर्म्युला पावसाळ्यात एका रात्रीत सुकायचा! आधी हार्डनरवर, म्हणजे इपॉक्सीला घट्ट करणाऱ्या अमिनोसिलेनवर, संशय घेतला. अमिनोसिलेनचा हिशोब पुन्हा केला: रेणुभार 221, इपॉक्सीशी जुळणारे (सक्रिय) हायड्रोजन दोन, म्हणजे एक मोल इपॉक्सी गटांमागे साधारण 111 ग्रॅम. प्रमाण बरोबर होतं. मग सिलेनची जोडणी वेगाने घडवणारा टिन कॅटॅलिस्ट वाढवला; फरक शून्य.

भिंतीवरचा हायग्रोमीटर पाहिला तेव्हा ट्यूब पेटली: आर्द्रता 24 टक्के, त्यात हवा आणखी कोरडी करणारा एसी चालू. अमाइन-इपॉक्सी जोडणीला पाणी लागत नाही, पण सिलेनचे अल्कॉक्सी गट (सिलिकॉनला ऑक्सिजनमार्फत जोडलेले कार्बनी तुकडे) हवेतल्या बाष्पाशिवाय तुटत नाहीत. ते तुटले नाहीत तर सिलिकॉन-ऑक्सिजनचं जाळं विणलंच जात नाही, कॅटॅलिस्ट कितीही ओता.

उपाय अगदी घरगुती. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात तळाला पाण्याची ताटली, वर जाळीवर पॅनेल, आर्द्रता 55-60 टक्के. दुसऱ्या दिवशी बोट चिकटेना; आठवड्याने एमईके या तीव्र द्रावकाच्या बोळ्याने घासलं तरी फिल्म टिकली. एकदा ताटलीत गरम पाणी ओतलं, तर पॅनेलवर दव धरून पांढरट डाग पडले. आता बॅचच्या नोंदवहीत तापमानाशेजारी आर्द्रतेचाही रकाना आहे.