गर्भपाताआधीची सोनोग्राफी: अमेरिकेत कायदा काय मागतो आणि तुम्ही काय नाकारू शकता

अमेरिकेत गर्भपाताचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचं घटनात्मक संरक्षण काढून घेतल्यापासून ते वारंवार बदलतातही. म्हणून मैत्रिणीच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नका. क्लिनिक ज्या राज्यात आहे तिथला नियम डॉक्टरला पाळावा लागतो, मग तुम्ही राहायला कुठेही असा. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, इलिनॉय आणि कॅलिफोर्नियात सोनोग्राफीची कायदेशीर सक्ती नाही. डॉक्टरला गरज वाटली तर ती करतात. फ्लोरिडा आणि विस्कॉन्सिनमध्ये मात्र ती कायद्यातच आहे.

अपॉइंटमेंट घेताना फोनवरच चार प्रश्न वेगवेगळे विचारा. सोनोग्राफी करावीच लागते का? चित्र पाहायचं आहे का, असं तुम्हाला विचारणं बंधनकारक आहे का? स्क्रीन तुमच्या बाजूला वळवून ठेवावीच लागते का? आणि चित्रात काय दिसतं ते डॉक्टरने तोंडी सांगायलाच हवं का? बोलताना लोक या चारही गोष्टी 'सोनोग्राफीचा कायदा' म्हणून एकत्र करतात. मग जी गोष्ट नाकारता आली असती तीही सक्तीची समजून बायका मुकाट्याने सोसतात.

फ्लोरिडात पहिल्या दोन गोष्टी लागू आहेत. गर्भाचं वय सोनोग्राफीने पडताळून, गर्भपाताच्या किमान २४ तास आधी, समोरासमोर सांगावं लागतं. तपासणी करणाऱ्याने चित्र दाखवण्याची आणि समजावून सांगण्याची तयारी दाखवायची. नको असेल तर 'नाही' म्हणा. त्यानंतर एका फॉर्मवर सही घेतात: विचारलं होतं आणि मी स्वेच्छेने नकार दिला, एवढाच त्याचा अर्थ. बलात्कार, घरगुती हिंसाचार किंवा मानवी तस्करीला बळी पडलेल्या स्त्रीने पोलीस तक्रारीची, न्यायालयाच्या आदेशाची किंवा वैद्यकीय नोंदीची प्रत दिली, तर तिने स्वतः मागितल्याशिवाय तिला तसं विचारायचंही नसतं. ती प्रत पहिल्याच भेटीला सोबत न्या.

विस्कॉन्सिनमध्ये सोनोग्राफी, स्क्रीन आणि तोंडी वर्णन ही तिन्ही बंधनं आहेत. स्क्रीन समोर ठेवतात, वर्णनही करतात. पण पाहण्याची सक्ती कोणी करू शकत नाही, हे त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. तोंड फिरवा, डोळे मिटा. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. नॉर्थ कॅरोलायनाचा २०११ चा असाच कायदा अपील न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला, कारण सरकारने ठरवलेलं बोलणं डॉक्टरच्या तोंडी घालणं हा भाषणस्वातंत्र्याचा भंग ठरला. केंटकीचा तसाच कायदा दुसऱ्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरवला. शेजारच्या राज्यावरून आपल्या राज्याचा अंदाज बांधू नये तो यासाठीच.

आता वेळेचं गणित, कारण खरी अडचण इथेच होते. गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंधाच्या दिवसापासून नाही. फ्लोरिडात १ मे २०२४ पासून मर्यादा सहा आठवड्यांची आहे. २८ दिवसांचं चक्र असेल तर पाळी चुकल्यावर हातात जेमतेम दोन आठवडे उरतात, त्यात हे २४ तास. दुसरीकडे, पाचव्या आठवड्याआधी सोनोग्राफी केली तर गर्भाशयात काही न दिसण्याची शक्यता असते. मग गर्भ गर्भाशयाबाहेर तर नाही ना हे पाहायला रक्ततपासणी करतात आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावतात. म्हणून चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी फोन करा आणि पाळीची तारीख लिहून ठेवा. इतक्या लवकर बहुधा योनीमार्गे तपासणी करतात, त्यासाठी मूत्राशय रिकामं लागतं; पोटावरून करणार असतील तर भरलेलं. कोणती करणार आहेत ते आधीच विचारा, आणि योनीमार्गे नको असेल तर पोटावरून जमेल का तेही.

'मोफत सोनोग्राफी'च्या जाहिरातींपासून सावध राहा. अशी बरीच केंद्रं गर्भपातापासून परावृत्त करण्यासाठी चालवलेली असतात. फ्लोरिडात गर्भपात करणारा डॉक्टर किंवा त्याच्यासोबत काम करणारी प्रशिक्षित व्यक्ती यांनीच तपासणी करावी लागते, त्यामुळे बाहेरचा रिपोर्ट चालत नाही आणि मोलाचा आठवडा वाया जातो.

भारतातून नव्याने गेलेल्यांना एक फरक जाणवेल. आपल्याकडे गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीला फॉर्म एफ भरतात आणि लिंग सांगणं गुन्हा आहे. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच लिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. अमेरिकेत असा फॉर्म नसतो. आणि सहा-सात आठवड्यांच्या चित्रात लिंग दिसतही नाही.

विमा नवऱ्याच्या नोकरीतून असेल तर खर्चाचा तपशील त्याच्या नावे घरी जाऊ शकतो. नको असेल तर विमा कंपनीकडे पत्रव्यवहार वेगळ्या पत्त्यावर पाठवण्याची लेखी विनंती करा, किंवा क्लिनिकला विमा न लावता स्वतः पैसे भरते असं सांगा. इंग्रजीची अडचण असेल तर फोनवरून मराठी किंवा हिंदी दुभाषा मागा. सासूला किंवा मुलीला मधे घालू नका. निघताना तारीख आणि गर्भाचं वय लिहिलेला रिपोर्ट कागदावर घ्या. दुसऱ्या राज्यात जावं लागलं तर तो दाखवता येतो, आणि जिथे सक्ती नाही तिथे पुन्हा तपासणी टळूही शकते.