डॉक्टरांना दुखणं सांगताना या चुका टाळा

दुखणं मोजायचं यंत्र अजून दवाखान्यात आलेलं नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी कपाळावर उष्णतेचा झोत टाकून वेदना ‘डोल’ या एककात मोजून पाहिली, पण ते काही रुजलं नाही. त्यामुळे डॉक्टरांची बरीचशी भिस्त तुमच्या सांगण्यावर, आणि घोळ होतो तो तिथेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसता आकडा सांगणं. डॉक्टरांनी ‘दहापैकी किती दुखतंय?’ विचारलं की काही जण बेधडक ‘बारा’ म्हणतात. (लवकर नंबर लागेल ही भाबडी आशा!) काही जण कळवळत असूनही संकोचाने ‘तीन’वर थांबतात. तुमचे सात आणि शेजारच्याचे सात सारखे नसतातच. आकडा कामाला येतो तो तुमच्याच कालच्या आकड्याशी ताडून बघायला. म्हणून त्याला रोजचं काम जोडा: ‘सात, कूस बदलली की जाग येते’, ‘चार, जिना चढतो, पण उतरताना कठडा धरावा लागतो’.

‘खूप दुखतं’ एवढ्यावरही थांबू नका. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेचं वर्णन करण्यासाठी मांडलेल्या मॅकगिल प्रश्नावलीत वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावले आहेत. आपल्याकडेही ठणका, कळ, चमक, ठसठस, रग, मुरडा असा भरपूर साठा आहे, तो वापरा. आग होते, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखं होतं, असं म्हटलं की डॉक्टरांचा संशय नसेकडे जातो. कळ येते, ओसरते, पुन्हा येते, म्हटलं की ते मुतखडा किंवा आतड्याचा विचार करतात.

जागा बोटाने दाखवा आणि दुखणं सरकलं असेल तर तेही सांगा. अपेंडिक्सचं दुखणं अनेकदा बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली उतरतं. पित्ताशयाचं उजव्या खांद्यात जाणवू शकतं. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर मात्र शब्द जुळवत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

‘माझी नस दबलीय’ असं निदान घेऊन जाऊ नका, लक्षणं घेऊन जा. सोबतच्यांनी पेशंटच्या आधी उत्तर देऊ नये. वेदनाशामक गोळी घेतली असेल तर कोणती, किती वाजता आणि तिने किती वेळ आराम पडला, हे न विचारता सांगा.