आइसलँडच्या ग्रुप टूरला जाताय? बूट आधी ठाण्याच्या येऊरला चालवून बघा

ग्लेशियर वॉकला (हिमनदीवर चालायला) बुटाखाली क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे दाते बांधतात, ते साध्या स्पोर्ट्स शूजवर नीट बसत नाहीत. त्यामुळे घोटा झाकणारे, कडक सोलचे बूट लागतातच, आणि नवे कोरे घालून गेलात तर पहिल्याच दिवशी फोड येतात, ग्रुप काय तुमच्यासाठी थांबत नाही.

१. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. तिकडे घालणार तेच जाड लोकरीचे मोजे सोबत न्या.
२. निघायच्या महिनाभर आधीपासून सुट्टीच्या सकाळी उपवनहून येऊरचा चढ चढा. खरी परीक्षा उतरताना, अंगठा पुढे आपटला तर एक साइझ मोठा घ्या. नवी मुंबईवाल्यांना खारघरची टेकडी आहेच, लाव्हाच्या खडबडीत वाटेवर घोटा सांभाळायची सवयपण तिथेच होते.
३. विमानात बूट पायातच ठेवा, बॅग वजनाला हलकी होते आणि हरवली तरी सोल्हेमायोकुल ग्लेशियरचा वॉक बुडत नाही.

फक्त लाव्हावरच्या हिरव्या शेवाळावर अजिबात पाय देऊ नका प्लीज, ते परत वाढायला कितीतरी वर्षं जातात.