आजीचा डबा रंगमंचावर : घरच्या आठवणींचा एकपात्री प्रयोग कसा बसवावा

जुन्या वस्तू बऱ्याच घरांत असतात: अडकित्ता, बंब, नथ, पैठणी. प्रयोगासाठी त्यातली एकच घ्या. ती महागडी नसली तरी चालेल, पण जिच्यावरून घरात अजून कुरबूर होते अशी असेल तर उत्तम. पाटल्या कुणाच्या वाट्याला गेल्या हे सांगताना मावशीचा आवाज बदलतो ना, नाटक तिथेच असतं.

वस्तू ठरली की उजेडात नेऊन नीट बघा. समजा, पितळी डबा आहे. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव असतं, 'यांजकडून सप्रेम भेट' आणि तारीख; घासून घासून त्यातली निम्मी अक्षरं गेलेली. बूड कशानं चेपलं? कडी कधी बदलली? असे प्रश्न घेऊनच नातेवाइकांकडे जा. 'आजीबद्दल सांगा ना काहीतरी' म्हटलं की 'फार प्रेमळ होती' याच्यापुढे गाडी जात नाही. डबा समोर ठेवून 'यात काय असायचं?' असं विचारा. मग डिंकाचे लाडू कुणी पळवले आणि मार कुणी खाल्ला ते सगळं बाहेर येतं. फोनवर रेकॉर्ड करा, पण विचारून. आत्या म्हणेल डबा माझ्या लग्नातला, काका म्हणतील आजीच्या माहेरचा. निवाडा करू नका, दोघांनाही रंगमंचावर भांडू द्या.

आता संहिता. मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द धरले तर वीस मिनिटांना दोन-अडीच हजार शब्द लागतात, आणि पहिल्या प्रयोगाला वीस मिनिटं पुष्कळ झाली. सुरुवात आजीच्या जन्मसालापासून केलीत तर शोकसभा वाटेल. लाडू पळवल्याच्या दुपारपासून करा.

'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये लक्ष्मण देशपांडे ५२ पात्रं एकटे उभी करत. आपल्याला तीन-चार पुरेत. प्रत्येकाची नजर, आवाजाची पट्टी आणि एखादी लकब पक्की करा: नातू वर बघून बोलतो, आजी खाली बघून. कृपा करून आजीसाठी थरथरता आवाज काढू नका. लाडवांच्या गोष्टीत ती पस्तिशीची असू शकते.

डबा चौरंगावर पहिल्यापासून दिसू द्या, उघडा मात्र उशिरा. झाकण निघतानाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो का, हे तालमीतच तपासा. नथ किंवा अंगठी तिसऱ्या रांगेपुढे दिसतच नाही, तिथे हातवाऱ्यांवर भिस्त ठेवावी लागते.

पहिलं वाचन ज्यांची गोष्ट आहे त्यांच्यासमोर करा. 'हे नको' म्हणाले तर तो भाग काढा, कितीही रंगत असला तरी. हयात माणसाच्या गुपितावर टाळ्या घेणं मला तरी पटत नाही. महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा असेल तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते; त्यासाठी हाताशी वेळ ठेवा.

प्रयोग संपला की लोक डबा हातात घेऊन बघायला येतात आणि आपापल्या घरच्या डब्यांबद्दल बोलू लागतात. खुशाल घेऊ द्या. वस्तू म्हणजे दागिना असेल तर मात्र तो आधी पिशवीत टाका, मग गप्पा मारा.