स्टेथोस्कोप आधी खिशात : हृदयरुग्ण तपासायला शिकवताना

मेडिसिनच्या वॉर्डात नवीन आलेली मुलं रुग्णाजवळ पोचली की पहिला हात स्टेथोस्कोपकडे जातो. कोल्हापुरात वॉर्डात शिकवताना माझा एक नियम ठरलेला आहे : आधी बोलायचं, मग बघायचं, मग हात लावायचा, तोवर स्टेथोस्कोप खिशात. हृदयाचं निम्मं निदान त्याआधीच हाती लागतं.

शिकवायला स्थिर रुग्ण निवडा. छातीत दुखतंय म्हणून नुकताच आलेला माणूस शिकवण्यासाठी नसतो. त्याचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे, मुलांनी बाजूला उभं राहायचं. दाखल असलेल्या रुग्णाचीही आधी परवानगी घ्यायची, नाव विचारून मावशी, मामा म्हणायचं.

प्रश्न विचारायला शिकवण्यावर मी सर्वात जास्त वेळ घालवते. पुस्तकात ‘किती उशा घेऊन झोपता?’ असं असतं. गगनबावड्याकडच्या आजींच्या घरी उशा मोजत नाहीत. ‘आडवं झालं की दम कोंडतो का? वाकळा पाठीशी लावून टेकून झोपता का? रात्री घाबरं होऊन उठून बसता का?’ असं विचारलं की उत्तर येतं. ‘दम किती लागतो?’ हाही प्रश्न निरुपयोगी. ‘गेल्या चैत्रात जोतिबाच्या पायऱ्या चढलात, यंदा कुठं थांबावं लागलं? वैरणीचा भारा आणताना, म्हशीची धार काढताना, नुसतं बसल्यावर?’ या उत्तरांवरून मुलांनी धापेच्या तीव्रतेच्या चार पायऱ्यांपैकी रुग्ण कुठं बसतो ते स्वतः ठरवायचं.

छातीचं दुखणं बहुतेक जण ‘पित्त’ किंवा ‘गॅस’ म्हणून सांगतात. तिथं मुलांनी अडकू नये. चालल्यावर येतं का, थांबलं की जातं का, जबडा किंवा डाव्या हाताकडे सरकतं का, घाम फुटतो का, हे विचारायचंच. मधुमेही, वयस्क आणि बायकांमध्ये दुखणं नसतंच कधी कधी, नुसता थकवा किंवा धाप असते. तंबाखू विचारली की बायका ‘छे’ म्हणतात. मशेरी वेगळी विचारा. मीठ विचारताना खर्डा, लोणचं, पापड यांची नावं घ्या. आणि तरुण बाईला धाप लागत असेल, तर लहानपणी घसा दुखून सांधे सुजले होते का, हे विचारल्याशिवाय उठायचं नाही. वाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा आपल्याकडे अजून दिसतात.

मग बघणं. पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल उमटलाय का, जोडवी रुतलीत का? नडगीच्या हाडावर अंगठा पाच सेकंद दाबून धरायचा आणि खड्डा पडतो का ते पाहायचं. सूज दिसली म्हणून लगेच हृदय म्हणायचं नाही. मूत्रपिंड आणि यकृतही लक्षात ठेवायचं.

मानेची शीर, म्हणजे जेव्हीपी, मुलं टाळतात, म्हणून मी तिथंच रेंगाळते. पाठ ४५ अंशांवर टेकवा, मान किंचित डावीकडे वळवा, टॉर्च तिरका धरा. उजव्या बाजूला शिरेची दुहेरी लहर दिसते. ती बोटाला लागत नाही आणि रुग्ण उठून बसला की खाली उतरते. धमनीचा ठोका एकेरी असतो आणि बोटाला लागतो. एक पट्टी छातीच्या हाडाच्या उंचवट्यावर उभी आणि दुसरी लहरीच्या टोकापासून आडवी धरून मोजा. ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त म्हणजे वाढलेली. काहीच दिसत नसेल तर रुग्णाला सरळ बसवा. कधी कधी शीर इतकी भरलेली असते की टोक कानामागे लपलेलं असतं.

नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची. तालमीतल्या पैलवानाची नाडी ५० असली तर ती त्याची तब्येत असू शकते. सत्तरीतल्या, चक्कर येणाऱ्या तात्यांची तीच नाडी ईसीजी मागते. ठेका पूर्ण विस्कटलेला असेल तर एकाने मनगटावर, दुसऱ्याने छातीवर एकाच वेळी मोजायचं. दोघांच्या आकड्यांत फरक आला की काही ठोके मनगटापर्यंत पोचत नाहीत हे मुलांना आपोआप कळतं.

आता स्टेथोस्कोप. पंखा बंद करा, दार लावा. आधी मुलांनी एकमेकांची हृदयं ऐकायची. निरोगी आवाज कानात बसल्याशिवाय बिघडलेला ओळखू येत नाही. ऐकताना एक बोट मानेच्या धमनीवर ठेवायचं : ठोक्याबरोबर येतो तो पहिला आवाज. मायट्रल स्टेनोसिससाठी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झाली आहे का ते पाहायला, डाव्या कुशीवर झोपवून, श्वास सोडायला लावून, बेल (स्टेथोस्कोपची वाटीसारखी बाजू) हलकी टेकवून ऐका. महाधमनीची झडप गळते का ते पुढे वाकवून बसवून, श्वास बाहेर रोखून, डायफ्रॅमने (पडद्याच्या सपाट बाजूने) ऐका.

शेवटी दोन मुलांनी तोच रुग्ण वेगवेगळा तपासून जेव्हीपीचा आकडा, छातीवर ठोका लागतो ती जागा आणि मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) कागदावर लिहायचा. त्यानंतरच टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट उघडायचा. रिपोर्टात मायट्रल स्टेनोसिस असेल आणि दोघांनाही ऐकू आला नसेल, तर रुग्णाकडे परत जायचं. बसल्या जागी धाप नसेल तर, त्यांना विचारून, वॉर्डात चार पावलं चालवा आणि लगेच डाव्या कुशीवर झोपवा. नाडी थोडी वाढली की तो खालच्या पट्टीतला घरघराट बऱ्याचदा कानाला लागतो.