थंडीतली गप्पी पैदास : पारा स्थिर ठेवा, खाद्य आवरा, माद्या निवडून घ्या

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शोभिवंत माशांची घरगुती पैदास करणाऱ्यांनी रोज दोनदा पाण्याचे तापमान मोजावे, पहाटे सहाच्या सुमारास आणि दुपारी तीनला. गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे थेट पिल्ले घालणारे मासे २४ ते २७ अंश सेल्सिअसला उत्तम वाढतात. पाणी १८-२० अंशांवर उतरले तरी गप्पी लगेच मरत नाही. त्यामुळे आपल्या थंडीने काही बिघडत नाही, असा समज होतो. बिघडवतो तो चढउतार. गच्चीवरच्या किंवा पडवीतल्या लहान काचेच्या टाकीतले पाणी दुपारी २७-२८ अंशांवर असते आणि पहाटे १७-१८ वर येते. असे चार दिवस गेले की मासा खाणे सोडतो, पंख मिटून बसतो, आणि आठवड्याभरात अंगावर पांढरे ठिपके दिसू लागतात.

पहाटेच्या आणि दुपारच्या आकड्यांत तीन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर उपाय त्याच दिवशी सुरू करा. किनारपट्टीवर बहुतेक वेळा झाकण आणि थर्माकोल एवढ्यावर भागते. निफाडसारख्या ठिकाणी पारा एक आकडी होतो, पुणे-नाशिक पट्टा आणि विदर्भातही रात्री कडक गारठा पडतो. तिथे गरम करण्याची सोय नसेल तर पैदास थांबवून फक्त जोपासना करणे शहाणपणाचे.

टाकी उबदार ठेवण्याचे गणित

टाक्या जमिनीवर ठेवू नका. फरशी रात्री थंड पडते आणि तळाचे पाणी ओढून गार करते. टाकीखाली अर्धा ते एक इंच जाडीचा थर्माकोल घाला, मागची बाजू आणि दोन्ही कडा थर्माकोलने झाका, समोरची काच तेवढी मोकळी राहू द्या. वर काचेचे झाकण हवेच. पाण्याची उष्णता सर्वांत जास्त वरच्या पृष्ठभागातून, बाष्पीभवनाने जाते, आणि नेमके तिथेच लोक दुर्लक्ष करतात. झाकणाला एका कोपऱ्यात एअर ट्यूबपुरती फट पुरते. मांडणीवर एकाखाली एक टाक्या असतील तर वरच्या ओळीतले पाणी खालच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी गरम असते. विणीच्या माद्या आणि लहान पिल्ले वर, विक्रीजोगे नर खाली, अशी अदलाबदल करा.

उघड्यावरच्या सिमेंटच्या टाकीत पाणी जितके खोल तितका चढउतार कमी. उन्हाळ्यात फूटभर पाणी ठेवत असाल तर आता पावणेदोन-दोन फूट ठेवा. सूर्यास्तापूर्वी प्लॅस्टिकचा कागद ओढा, सकाळी ऊन आल्यावर काढा. शेडनेट थंडीत दिवसा बाजूला सारा, ऊन मिळू द्या.

हीटर घेताना पाणी आधी मोजा. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. २ × १ × १ फुटांची टाकी काठोकाठ ५६ लिटरची, दहा इंच भरली तर साधारण ४७ लिटरची. दर लिटरला एक वॉट हा हिशेब धरला तर तिला ५० वॉटचा हीटर पुरतो. खोलीच फार गार असेल तर ७५ चा घ्या. हीटर स्पंज फिल्टरजवळ लावा, म्हणजे गरम पाणी टाकीभर फिरते, आणि थर्मामीटर मात्र समोरच्या कोपऱ्यात ठेवा. हीटरवरच्या चकतीचा आकडा खरा मानू नका, स्वस्त थर्मोस्टॅट दोन-तीन अंश चुकतात आणि कधी चालू स्थितीतच अडकतात. पाणी बदलण्याआधी दहा मिनिटे हीटर बंद करा. तापलेली नळी उघडी पडली की तडकते. वायर प्लगच्या खाली झोल देऊन सोडा, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगमध्ये शिरणार नाही. अर्थिंग आणि आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांत काटकसर नको, ओल्या हातांनी करायचे काम आहे.

पंधरा-वीस टाक्या असतील तर प्रत्येकीत हीटर घालण्यापेक्षा खोली तापवणे स्वस्त पडते. वीस टाक्यांत ५० वॉटचे हीटर रात्रंदिवस मिळून बारा तास चालले तर रोज बारा युनिट जातात, शिवाय बिघडायला वीस वस्तू. त्याऐवजी खिडक्यांच्या फटी बुजवा, छताला आतून थर्माकोल लावा आणि थर्मोस्टॅट असलेला एक हजार वॉटचा रूम हीटर वापरा. तो रात्री प्रत्यक्षात सात-आठ तास चालला तर सात-आठ युनिटांत काम होते. खोली बंद राहणार म्हणून शेगडी किंवा कोळसा पेटवून ऊब आणण्याचा विचार अजिबात करू नका, तो धूर माणसाच्या जिवावर बेततो.

वीज गेली तर पहिली काळजी एअर पंपाची करा. झाकलेल्या टाकीतले पाणी हळूहळू गार होते, आणि गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, त्यामुळे विरळ टाकीतले मासे काही तास निभावतात. पण पिल्लांनी दाटलेली टाकी आणि स्पंजमधले उपयुक्त जिवाणू दोन्ही हवेवर जगतात. बॅटरीवरचा एक पंप हाताशी हवा.

पाणी बदल

आठवड्यातून एकदा २० ते २५ टक्के पाणी बदला, आणि ते दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान. सकाळी साठवणीच्या पिंपातले पाणी थेट ओतले तर टाकी एका झटक्यात चार-पाच अंशांनी उतरते, थंडीतले अर्धे आजार इथून सुरू होतात. नवे पाणी आणि टाकीतले पाणी यांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

बोअरवेल असलेल्यांना थंडीत फायदा आहे. खोल बोअरचे पाणी या दिवसांतही कोमट असते. बेसाल्ट खडकाच्या भागात ते बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचे, असते, आणि जड, किंचित अल्कधर्मी पाणी गप्पी-मोलीला मानवते. सामू (पीएच) ७ ते ८ चालतो. फक्त बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो, म्हणून पिंपात एअरस्टोन सोडून रात्रभर हवा द्या आणि दुपारी पाणी कोमट करून वापरा. नळाच्या पाण्याला क्लोरीन असतो. चोवीस तास हवा देऊन ठेवा, किंवा सोडियम थायोसल्फेट वापरा. लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर शंभर लिटरला सुमारे पाऊण ग्रॅम खडे लागतात.

खाद्य

पाणी २२ अंशांखाली गेले की माशाचे पचन मंदावते. उन्हाळ्याइतकेच खाद्य टाकत राहिलात तर ते तळाशी कुजते, त्याचा अमोनिया होतो, आणि गारठ्यात स्पंजमधले जिवाणूही संथ असल्याने तो अमोनिया उरतो. जड, अल्कधर्मी पाण्यात तो अधिक विषारी असतो, म्हणजे आपल्या गप्पीच्या टाकीत नेमका धोका दुप्पट. मोठ्या माशांना दोन मिनिटांत संपेल एवढेच, दिवसातून दोनदा द्या. पहिले खाद्य ऊन वर आल्यावर, शेवटचे दिवे मालवण्याच्या दोन तास आधी. दिवस लहान झालेले असतात, म्हणून एलईडी लावून उजेड बारा तासांपर्यंत न्या.

पिल्लांना मात्र उपाशी ठेवून चालत नाही. पहिले तीन आठवडे चार-पाच वेळा, अगदी चिमूटभर. या दिवसांत मोईनाचे (जिवंत खाद्य म्हणून वाढवलेल्या पाणपिसवांचे) कल्चर सुस्तावते, तेव्हा भरवशाचा मार्ग आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म कोळंबीसारख्या जिवाची पिल्ले. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली उलटी टांगा, बूड कापून टाका, तळाशी येणाऱ्या तोंडातून हवेची नळी सोडा. दीड लिटर पाण्यात ४० ग्रॅम मीठ विरघळवा, दीड ते दोन ग्रॅम अंडी टाका, जोरदार हवा आणि सतत उजेड ठेवा. २६ ते २८ अंशांना चोवीस तासांत पिल्ले फुटतात. थंडीत आर्टेमिया ‘फुटत नाही’ अशी तक्रार असते, तेव्हा दहापैकी आठ वेळा दोष अंड्यांचा नसतो, बाटली वीस अंशांवर राहिलेली असते. बाटली एखाद्या हीटर असलेल्या टाकीत बुडवून ठेवा, प्रश्न मिटतो. काढताना हवा बंद करून दहा मिनिटे थांबा. कवच वर तरंगतात, नारिंगी पिल्ले खाली जमतात. ती तिथूनच नळीने ओढा, बारीक कापडावर गोड्या पाण्याने धुवा आणि सहा-आठ तासांत संपवा. जसजसा वेळ जाईल तसा त्यांच्यातला पिवळ्या बलकाचा कस उतरतो. कवच माशांच्या पिल्लांच्या पोटात गेले तर आतडे अडते, म्हणून ही गाळणी घाईत उरकू नका.

गटारातले ट्युबिफेक्स (खाद्य म्हणून वापरले जाणारे बारीक लाल किडे) आजार घेऊन येतात. पिल्लांच्या टाकीत ते नकोतच.

मादीचे दिवस आणि पिल्लांची सोय

२६ अंशांना गप्पीची मादी २४ ते २८ दिवसांनी विते. पाणी २०-२१ अंशांवर राहिले तर पस्तीस दिवसही लागतात. दिवस लांबले म्हणून पोट दाबून पाहणे किंवा मादी वारंवार जाळीत धरणे टाळा, दगावलेली पिल्ले पडतात. वीत जवळ आल्याच्या खुणा डोळ्यांनी दिसतात. पोट बाजूने गोल न राहता पुढून चौकोनी वाटू लागते, मागचा काळा डाग मोठा आणि गडद होतो, आणि फिकट जातीच्या मादीत त्या डागात पिल्लांचे डोळे टिपक्यांसारखे चमकतात. मादी हीटरजवळ किंवा कोपऱ्यात एकटी थांबते, खाद्याकडे पाठ फिरवते. मग ती २४ तासांत मोकळी होते.

प्लॅस्टिकच्या छोट्या ब्रीडिंग बॉक्समध्ये मादी घाबरते आणि त्यातले पाणी फिरत नाही. त्यापेक्षा ३ × १.५ फुटांच्या टाकीत चार मिलिमीटर छिद्रांच्या नायलॉन जाळीचा हापा (पाण्यात टांगायची जाळीची पिशवी) टांगा, त्यात दहा-बारा गाभण माद्या सोडा. पिल्ले जाळीतून खाली निसटतात आणि माद्यांच्या तोंडातून वाचतात. खाली जावा मॉस किंवा हायड्रिला या पाणवनस्पती भरपूर घाला. पिल्ले काढून २ × १ × १ फुटांच्या टाकीत ५० ते ७० एवढीच ठेवा. उन्हाळ्यात शंभर निभतात, थंडीत पाण्याची ताकद तेवढी नसते.

निवड : या हंगामाचे खरे काम

थंडीत वाढ संथ असते, वेत कमी असतात, म्हणून माशांकडे निवांत पाहायला वेळ मिळतो. वर्षभराच्या दर्जाचा निकाल याच महिन्यांत लागतो. बहुतेक घरगुती युनिटे एकाच चुकीने दोन वर्षांत घसरतात : देखणे नर आधी विकले जातात आणि उरलेल्यांवर पैदास चालते. नियम उलटा हवा. पहिली निवड आपली, विक्री उरलेल्यांची.

पिल्ले तीन ते चार आठवड्यांची झाली की मादीच्या पोटामागे डाग दिसू लागतो आणि नराचा गुदपंख निमुळता होतो. २० अंशांच्या आसपासच्या पाण्यात हे आठ-दहा दिवस उशिरा होते. तेवढ्यात नर-मादी वेगळे करा. एक नर जरी माद्यांत राहिला तरी ती टाकी निवडीसाठी बाद, कारण मादी एका मीलनाचे शुक्राणू साठवून महिनोन्महिने, अनेक वेत देते. नको त्या नराची पिल्ले त्यामुळे पुढच्या हंगामापर्यंत येत राहतात.

नरांत सर्वांत आधी रंगलेला नर निवडू नका, तो बहुधा आकाराने लहान राहतो. चार महिन्यांचे होऊ द्या. पाठ सरळ, शेपटीचा देठ जाड, शेपूट पसरलेली असतानाही सहज पोहणारा नर ठेवा. शेपटीच्या ओझ्याने खाली वाकणारा नर दिसायला कितीही सुंदर असो, विकून टाका. नरांच्या रंगाचे पुष्कळसे गुण वाय गुणसूत्रावरून बापाकडून मुलाकडे जातात, म्हणून लोक मादीकडे पाहतच नाहीत. पण शरीराचा आकार आणि शेपटीची ठेवण मादीकडूनही येते. अंगाने मोठी, रुंद शेपटीची, त्याच जातीच्या वाणाची मादी घ्या. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा. एकाच वाणाच्या किमान दोन स्वतंत्र ओळी सांभाळा आणि तीन-चार पिढ्यांनी त्यांचा आपसांत संकर करा, नाहीतर वाकडे कणे आणि लहान वेत सुरू होतात.

काढून टाकलेले मासे ओढ्यात, तळ्यात किंवा नदीत कधीही सोडू नका. गप्पी मूळची दक्षिण अमेरिकेची, आणि आपल्या ओढ्यांतल्या देशी माशांची अंडी-पिल्ले ती खाते. डासांना आळा म्हणून आरोग्य खाते गप्पी पुरवते, ती बंदिस्त टाक्या-हौदांपुरतीच ठीक.

पांढरे ठिपके आणि डोलणारी मोली

मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले की औषध धावत आणण्याआधी तापमान बघा. हा परजीवी माशाच्या कातडीखाली असताना औषध त्याला पोहोचत नाही, तो सुटून पाण्यात पोहतो तेव्हाच मरतो. २५ अंशांना त्याचे चक्र साधारण आठवड्यात पुरे होते, गार पाण्यात दोन-तीन पट लांबते. म्हणून दर बारा तासांनी एक अंश असे करत पाणी २९-३० अंशांवर न्या, हवा वाढवा, आणि लिटरमागे दोन ते तीन ग्रॅम खडे मीठ तीन हप्त्यांत द्या. ५० लिटरला १०० ते १५० ग्रॅम. मीठ उडून जात नाही, पाणी बदलाल तेवढ्याच पाण्याचे पुन्हा घाला. ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार आठवडाभर चालू ठेवा. कोरीडोरास (तळाशी राहणारे लहान मासे) आणि नाजूक वनस्पती आधी बाहेर काढा, त्यांना मीठ सोसत नाही.

मोली एकाच जागी डोलत राहते, पुढे जात नाही, तेव्हा तिला थंडी आणि मऊ पाणी यांचा त्रास असतो. २६ अंश तापमान आणि लिटरला दोन ग्रॅम मीठ, बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत सावरते.

बाहेरून, विशेषतः चेन्नईच्या कोलाथूर किंवा कोलकात्याहून आलेला माल या दिवसांत फार गारठलेला असतो. पिशवी टाकीत अर्धा तास तरंगवा, मग पंधरा-पंधरा मिनिटांनी थोडे पाणी मिसळा, आणि पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका. तीन आठवडे वेगळी टाकी, वेगळी जाळी. आपला माल कुर्ल्याच्या बाजाराला पाठवताना एक दिवस खाद्य बंद, पिशवीत एक भाग पाणी दोन भाग प्राणवायू, आणि थर्माकोलच्या पेटीला आतून वर्तमानपत्राचे दोन थर.

अंडी घालणारे मासे

एंजल आणि फायटर यांना २८ अंश स्थिर मिळत नसेल तर वेत फेब्रुवारीवर ढकला. फायटरच्या पिल्लांना पाण्यावरची गार हवाही मारते, झाकण अजिबात उघडे नको. गोल्डफिशचे उलट आहे. त्याला हीटर लावू नका, थंडीत आराम करू द्या, नर-मादी वेगळे ठेवून बेताचे पण सकस खाद्य द्या. फेब्रुवारीच्या शेवटी पाणी आपोआप वर चढू लागले की जोड्या एकत्र सोडा, आणि त्याच सुमारास गप्पीच्या टाक्यांवरचा थर्माकोल एकदम न काढता दर आठवड्याला एक बाजू मोकळी करा.