कम्युनिटी कॉलेजातून नव्या व्यवसायाकडे जाताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजे, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांच्या पदव्या देणारी सरकारी कॉलेजे आहेत, राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला (विषयाचा भार मोजण्याच्या एककाला) ४६ डॉलर शुल्क पडते आणि प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही. त्यामुळे एकाच वर्गात नुकतीच हायस्कूल संपवलेली मुले, मुले शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या आया आणि पन्नाशीत नोकरी गेलेले गृहस्थ शेजारी शेजारी बसलेले दिसतात. अशाच एका कॉलेजच्या शिकवणी केंद्रात मी विज्ञान आणि गणिताच्या विद्यार्थ्यांना मदत करते. मराठी आडनाव पाहून आपली माणसे हक्काने माझ्या टेबलाशी येतात, आणि दर सत्राला मला त्याच त्या चुका निस्तरताना पाहाव्या लागतात. विद्यार्थी अठरा वर्षांचा असो की अठ्ठेचाळीस, चुकांमध्ये फारसा फरक नसतो. फक्त मोठ्या वयात त्या भरून काढायला हाताशी वर्षे कमी असतात.

सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे ज्या वर्गात जागा शिल्लक आहे तो वर्ग घेत सुटणे. नर्सिंगचे उदाहरण घेऊ, कारण निम्मे लोक त्यासाठीच येतात. कम्युनिटी कॉलेजातून नर्सिंगची दोन वर्षांची पदवी मिळते, आणि ती घेतलेल्यांना चार वर्षांच्या पदवीधरांप्रमाणेच एनक्लेक्स-आरएन ही परवान्याची परीक्षा देता येते. हे ऐकून माणूस मनाशी दोन वर्षांचा हिशेब मांडतो. परंतु ती दोन वर्षे नर्सिंगच्या प्रत्यक्ष अभ्यासक्रमात प्रवेश मिळाल्या दिवसापासून मोजायची असतात. त्याआधी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह आणि त्याशिवाय इंग्रजी लेखन असे पूर्ण करावे लागतात. या विषयांनाही स्वतःच्या पूर्वअटी असतात. बऱ्याच कॉलेजांत रसायनशास्त्र उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढच्या विषयात नावच नोंदवता येत नाही. म्हणजे ही एक साखळी आहे आणि तिची पहिली कडी बहुधा रसायनशास्त्राची असते, जिचे नाव काढताच लोकांना इतर सगळे विषय अचानक महत्त्वाचे वाटू लागतात.

सांगलीकडच्या एक बाई काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या. वय चाळिशीच्या पुढे, ग्रीन कार्ड हाती आलेले, दोन मुले शाळेत, आणि स्वतः मायक्रोबायॉलॉजीच्या बीएस्सी. पहिल्या वर्षात त्यांनी मानसशास्त्र, पोषणशास्त्र, वैद्यकीय परिभाषा आणि संभाषणकला असे विषय घेतले होते आणि सगळ्यांत ए श्रेणी मिळवली होती. घरात कौतुक झाले होते, पेढे वाटून झाले होते. रसायनशास्त्राचा वर्ग सकाळी असतो आणि मुलांना शाळेत सोडायचे असते म्हणून तो "नंतर बघू" या खात्यात गेला होता. मी त्यांना सूक्ष्मजीवशास्त्राचे विचारले तेव्हा त्या थोड्या रागावल्याच. "अहो, मी त्याच विषयाची पदवीधर आहे. मला पुन्हा मायक्रो कशाला करायला लावता?" आम्ही दोघींनी मिळून त्या कॉलेजच्या नर्सिंग विभागाचे माहितीपत्रक उघडले. विज्ञानाचे विषय ठरावीक वर्षांच्या आत केलेले असतील तरच ग्राह्य धरले जातील, असे त्यात दुसऱ्याच पानावर लिहिले होते. ही मुदत काही कॉलेजांत पाच वर्षांची असते, काही ठिकाणी सात वर्षांची, तर काही ठिकाणी मुळीच नसते. यांच्या पदवीला पंधराहून अधिक वर्षे उलटून गेली होती. शिवाय अर्ज भरताना पूर्वअटीचे सर्व विषय पूर्ण झालेले हवेत, चालू असलेले चालणार नाहीत, हेही त्याच पानावर होते.

पुढचे दोन सत्र त्यांना रसायनशास्त्रात जागा मिळाली नाही, कारण नव्या विद्यार्थ्यांना नोंदणीची तारीख उशिरा मिळते आणि हा वर्ग सर्वांत आधी भरतो. अखेर उन्हाळी सत्रात त्यांनी तो घेतला, जिथे चार महिन्यांचा अभ्यास आठ आठवड्यांत उरकतात आणि आठवड्यातले चार दिवस प्रयोगशाळा असते. मोलॅरिटीची गणिते घेऊन त्या रोज दुपारी माझ्यासमोर बसत. त्यांना विषय अवघड जात नव्हता. ज्या बाईने एकेकाळी कल्चर प्लेट्सवर वसाहती मोजल्या होत्या तिला एकके बदलायला कितीसा वेळ लागणार? वेळ गेला तो केवळ क्रम उलटा लावल्यामुळे. ए श्रेणी मिळालेल्या त्या पहिल्या वर्षातील बहुतेक विषय नर्सिंगच्या अर्जात कुठेच मोजले गेले नाहीत, आणि पहिल्याच सत्रात रसायनशास्त्र घेतले असते तर लागला असता त्याहून अर्ज भरायला एक वर्षापेक्षा अधिक काळ जास्त लागला. त्यानंतर प्रवेश गुणांवर की सोडतीवर, हा प्रश्न वेगळाच.

यावर माझा उपाय शास्त्रोक्त वगैरे नाही, सवयीचा आहे. मी एक कोरा कागद आडवा धरते आणि उजवीकडून डावीकडे लिहीत जाते. सर्वांत उजवीकडे नोकरीचे नाव, त्याच्या डावीकडे लागणारा परवाना किंवा परीक्षा, मग त्या परीक्षेला बसू देणारा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, मग त्याच्या अर्जाची मुदत, मग पूर्वअटीचे विषय आणि त्या विषयांच्या पूर्वअटी. डाव्या काठाला जो विषय येतो तो या सत्रात घ्यायचा. पेन्सिलीने लिहावे, कारण खोडावे लागते. हा कागद घेऊन कॉलेजच्या काउन्सेलरकडे जावे आणि त्यांच्याकडून लेखी शैक्षणिक आराखडा करून घ्यावा. ही भेट फुकट असते, तरीही तिच्यासाठी वेळ काढण्याऐवजी लोक व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर "कोणता सब्जेक्ट सोपा आहे" असे विचारत बसतात. त्या गटावरील सल्ला बहुधा जुनाही असतो. विद्यापीठांत बदली घेणाऱ्यांसाठी वर्षानुवर्षे चालत आलेल्या आयजेट्सी या सामान्य विषयांच्या यादीची जागा २०२५ च्या शरद सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी कॅलजेट्सीने घेतली आहे, तरी आतेभावाची जुनी यादी अजून फिरतेच आहे. कोणता विषय कोणत्या सरकारी विद्यापीठात चालतो हे असिस्ट डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते.

उलट बाजूने वाचल्यामुळे कधी कधी वाट लांब नसून आखूड आहे हेही कळते. परवानाधारक बालवाडीत शिक्षिका व्हायचे म्हणून पूर्ण पदवीच्या तयारीला लागलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. राज्याच्या नियमानुसार त्या कामाला बालशिक्षणाचे १२ युनिट आणि सोबत ठरावीक अनुभव लागतो. १२ युनिटांचे शुल्क ५५२ डॉलर होते. पदवी नंतर सवडीने घेता येते. मात्र क्ष-किरण तंत्रज्ञ व्हायचे असेल तर एआरआरटी या संस्थेच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान दोन वर्षांची पदवी लागतेच. तिथे आखूड वाट नाही, आणि आहे म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

पैशांवरून आठवले. सहा महिन्यांत डेटा अ‍ॅनालिस्ट, आठ आठवड्यांत टेस्टिंगची नोकरी, असल्या खासगी वर्गांना हजारो डॉलर मोजून मग आमच्याकडे संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यापासून सुरुवात करणारे लोक दर सत्राला भेटतात. पी हळद आणि हो गोरी, याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

दुसरी चूक तरुण मुलांची खास आहे, आणि ती म्हणजे वर्ग न सोडता वर्गात जाणे सोडणे. आमच्याकडे येणारा एक एकोणीस वर्षांचा मुलगा सत्राच्या सहाव्या आठवड्यात एका गोदामात नोकरीला लागला आणि तीनपैकी दोन वर्गांना जायचा बंद झाला. हजेरीच नाही म्हटल्यावर कॉलेज आपले नाव आपोआप काढून टाकील, असे त्याने गृहीत धरले होते. पहिल्या काही आठवड्यांत न फिरकणाऱ्यांची नावे शिक्षक काढतात, हे खरे; त्यानंतर ते काम विद्यार्थ्याचे असते. सत्र संपल्यावर त्याच्या गुणपत्रकावर दोन एफ, म्हणजे नापासाच्या श्रेणी, उमटले. तेव्हा त्याला त्याचे काही वाटले नाही. गोदामात कंटाळा आल्यावर दोन वर्षांनी त्याला क्ष-किरण विभागात प्रवेश हवा झाला, आणि सरासरीचा आकडा पाहून तो माझ्यासमोर गप्प बसून राहिला. एफ मिळालेला विषय पुन्हा घेता येतो, परंतु एका विषयाला साधारणपणे तीनच संधी मिळतात आणि वर्ग वेळेत सोडून मिळवलेला डब्ल्यूसुद्धा (वर्ग सोडल्याची गुणपत्रकावरची नोंद) त्यांतली एक संधी खर्च करतो. याउलट सी मिळवून उत्तीर्ण झालेला विषय केवळ श्रेणी सुधारायची म्हणून सहसा पुन्हा घेता येत नाही, हे तर कोणालाच ठाऊक नसते.

या मुलाच्या वडिलांनी केंद्रात फोन करून "आमच्या चिरंजीवांचे काय चालले आहे ते जरा सांगा" अशी विनंती केली होती. १९७४ च्या फर्पा कायद्याने कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींचा हक्क त्याचा स्वतःचा असतो, मग शुल्क कोणीही भरलेले असो. त्याच्या लेखी संमतीवाचून आम्ही आई-वडिलांना तो वर्गात येतो की नाही एवढेही सांगत नाही. वडिलांना हे अमेरिकन उद्धटपणाचे लक्षण वाटले. मला मात्र असे वाटले की हा फोन त्यांनी सहाव्या आठवड्यात मुलालाच करायला हवा होता.

प्रत्येक सत्राच्या वेळापत्रकात तीन तारखा छापलेल्या असतात: शुल्क परत मिळण्याची शेवटची, गुणपत्रकावर डाग न लागता वर्ग सोडण्याची शेवटची, आणि डब्ल्यू घेऊन सोडण्याची शेवटची. पूर्ण लांबीच्या वर्गाला पहिली साधारण दोन आठवड्यांत निघून जाते आणि तिसरी सत्राचा तीन-चतुर्थांश भाग संपेपर्यंत असते. उन्हाळ्यात या सगळ्या बऱ्याच लवकर येतात. मी विद्यार्थ्यांना या तारखा वहीच्या पहिल्या पानावर हाताने लिहायला लावते. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकल्या की त्या टाकल्याचे समाधान मिळते आणि विषय संपतो. ज्यांना केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळते त्यांनी तर जास्तच जपावे. सत्राचा साठ टक्के भाग होण्याआधी सगळे वर्ग सोडले तर मिळालेल्या मदतीतला काही भाग परत करावा लागतो, आणि घेतलेल्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश युनिट पूर्ण झाले नाहीत तर पुढची मदत अडते.

नोकरी सांभाळून एकदम १२ युनिट घेऊ नयेत. एका युनिटला आठवड्याला सुमारे तीन तास लागतात, वर्ग आणि घरचा अभ्यास धरून. १२ युनिट म्हणजे ३६ तास, म्हणजे दुसरी नोकरीच. अधीर माणसाला हे सांगून पटत नाही, पहिल्या चाचणीनंतर पटते.

गणित कोणते लागते ते पाहून घ्यावे. नर्सिंगला आणि बहुतेक आरोग्यसेवांना संख्याशास्त्र पुरते, तरी नवरा इंजिनिअर आहे म्हणून कॅल्क्युलस घेतलेल्या बायका आमच्याकडे रडकुंडीला येतात. २०१७ च्या कायद्यानंतर कॅलिफोर्नियात प्रवेशाआधीच्या चाचण्या मागे पडल्या असून विद्यार्थ्याला थेट विद्यापीठाच्या पातळीच्या वर्गात बसता येते. वीस वर्षांच्या खंडानंतर येणाऱ्याने सोबतचा साहाय्य वर्ग जरूर घ्यावा. त्यात कमीपणा नाही, आणि तरुण मुले तिथे कोणाकडे पाहतही नाहीत.

एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर शिकता येते, त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. पण केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही आणि ईएडी, म्हणजे काम करण्याचा परवाना, नसेल तर पगारी इंटर्नशिपही करता येत नाही. ज्या अभ्यासक्रमात ती सक्तीची आहे तो निवडण्याआधी हे पाहावे. मुलांचा एच-४ एकविसाव्या वर्षी संपतो, याचाही हिशेब विसाव्या वर्षी नव्हे, अठराव्या वर्षी करावा.

राहिले भारतातले गुणपत्रक. मूल्यांकन करणाऱ्या संस्था दोन प्रकारचे अहवाल देतात: एकात फक्त पदवीची बरोबरी असते, दुसऱ्यात विषयवार युनिट आणि श्रेणी. पहिला स्वस्त असतो म्हणून लोक तोच मागवतात, आणि कॉलेजला विषय धरायचे असतील तर दुसराच लागतो, म्हणजे दोनदा पैसे. मागवण्याआधी कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो तेही कॉलेजला विचारावे. विद्यापीठातून प्रमाणित प्रती निघायला महिने जातात, तेव्हा हे काम प्रवेशाच्या आधी सुरू करावे आणि भारतात जाणे होणार असेल तर इथून निघण्यापूर्वीच अर्ज करून ठेवावा. विद्यापीठाने सीलबंद पाकीट हातात दिले तर ते घरी आल्यावर कौतुकाने फोडून पाहू नये. फोडलेले पाकीट मूल्यांकन संस्था स्वीकारत नाही आणि सगळी फेरी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.